घरातल्या घरात बिनतारी : खडकी-दौंडपासून आमच्या गोठ्यापर्यंत

(द्वितीय वर्ष कला)

वार्षिक अंकासाठी काहीतरी लिही, असे सरांनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाही म्हटले. माझा विषय इतिहास. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे लेख कसा लिहितात हे विचारायला घरात कोणी नाही. पण गेल्या पावसाळ्यापासून घरी मी एक उद्योग करीत होते. ओसरीवरून आजीच्या खोलीत आवाज न्यायचा आणि गोठ्यातले चित्र घरात आणायचे, तेही घरभर तारांचे जाळे न करता. सर म्हणाले, "तेच लिही. मात्र कसे केले एवढेच लिहू नकोस, का तसे करावे लागले तेही लिही." त्यांच्या आज्ञेप्रमाणे हा प्रयत्न आहे. वाचकांनी चुकभूल पोटात घालावी.

१. घर आणि अडचण

आमची वस्ती न्हावऱ्याच्या अलीकडे, शिरूर-चौफुला रस्त्यापासून दीड किलोमीटर आत आहे. घर जुने. पुढे ओसरी, मग माजघर, आणि माजघराच्या मागे आजीची खोली. भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन फूट जाडीच्या. घरापासून सुमारे १२० फुटांवर गोठा आहे. तो पत्र्याचा. गोठ्याच्या मागे लगेच ऊस सुरू होतो.

आजी दोन वर्षांपूर्वी पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून ती खोलीतच असते. ओसरीवर माणसे बसतात, रेडिओ लागतो, टीव्हीवर कीर्तन चालते. त्यातले तिच्यापर्यंत काही पोहोचत नाही. पोहोचतो तो नुसता गलबला. ज्या बाईने चाळीस वर्षे पहाटे चारला उठून गुरांचे सारे केले, तिला आता गाय हंबरली तरी का हंबरली ते कळत नाही.

दुसरी अडचण बिबट्याची. शिरूर तालुक्यातल्या वाचकांना ही गोष्ट नव्याने सांगायला नको. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसे दगावली. तेव्हापासून रात्री गोठ्याकडे जाणे म्हणजे घरातल्या सर्वांच्या जिवाला घोर. पण गाय व्यायला झाली की जावेच लागते. आप्पा (माझे वडील) एका हातात बॅटरी आणि एका हातात काठी घेऊन रात्रीतून तीन-चार वेळा जात. ते परत येईपर्यंत आई दारात उभी असे. गोठ्यात काय चालले आहे ते घरात बसून दिसले, तर यातल्या निम्म्या तरी खेपा वाचतील, असे माझ्या मनात आले.

२. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे

आपल्यापैकी बहुतेकांचा एक गैरसमज आहे, आणि तो माझाही होता. तो असा की वायफाय म्हणजेच इंटरनेट. खरे पाहता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतीवर लावलेली राउटरची पेटी दोन कामे करते. एक, बाहेरून आलेली इंटरनेटची तार घरात पोहोचवणे. दुसरे, घरातल्या सर्व उपकरणांना एकमेकांशी बिनतारी बोलू देणे. बाहेरची तार तुटली तरी दुसरे काम चालूच राहते. हे दुसरे काम म्हणजे घरजाळे असे मी म्हणेन.

याचा हिशेब करून पाहू. साधारण बरे दिसणारे चलच्चित्र सेकंदाला २० लाख बिट, म्हणजे २ मेगाबिट, या गतीने वाहते. तासाचे सेकंद ३,६००. म्हणजे तासाला ७,२०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ९०० मेगाबाइट. रात्रीचे आठ तास गोठा पाहायचा तर ७.२ गिगाबाइट झाले. हे चित्र कंपनीच्या दूरच्या संगणकावर पाठवून पुन्हा मोबाइलवर मागवायचे, तर महिन्याचा डेटा चार दिवसांत संपेल. पण तेच चित्र गोठ्यातून राउटरकडे आणि राउटरकडून आजीच्या खोलीत असे घरातल्या घरात फिरले, तर इंटरनेटचा एक बाइटही लागत नाही. आवाज तर याहून हलका. १२८ किलोबिटचा आवाज तासाला ५८ मेगाबाइटांहूनही थोडा कमी होतो.

म्हणून पहिला नियम हा की घरातली गोष्ट घरातच फिरवावी.

३. दौंडचा एक विसरलेला धडा

हे काम चालू असतानाच इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी दळणवळणाच्या इतिहासाची टिपणे काढत होते. त्यात एका ओळीवर मी थांबले. भारत आणि इंग्लंड यांच्यामधली पहिली बिनतारी तारसेवा १९२७ मध्ये सुरू झाली, आणि तिची भारतातली दोन केंद्रे होती खडकी व दौंड! माझे मामा दौंडला रेल्वेत आहेत. मी त्यांना फोन केला तर ते म्हणाले, "अगं, तीस वर्षं झाली मला इथं. दौंड म्हणजे जंक्शन, एवढंच आम्हाला ठाऊक."

तोपर्यंत विलायतेचा निरोप समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारेतून येत असे. मुंबई ते इंग्लंड ही समुद्री तार १८७० मध्ये जोडली गेली होती. मार्कोनीच्या कंपनीने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एक नवी युक्ती काढली. लहरी चहूकडे उधळायच्या नाहीत. उंच मनोऱ्यांवर तारांचा पडदा टांगायचा, त्यामागे परावर्तनासाठी दुसरा पडदा टांगायचा, आणि लघुलहरींचा झोत ज्याच्याशी बोलायचे त्याच दिशेला सोडायचा. बॅटरीच्या दिव्यामागे जशी चकचकीत वाटी असते तसेच हे. थोड्या शक्तीत आवाज दूर जाई. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी राजे पंचम जॉर्ज यांच्याशी संदेशांची देवाणघेवाण करून या सेवेचे उद्घाटन केले. त्याच दिवशी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्रही आयर्विन यांच्याच हस्ते सुरू झाले. १९३३ मध्ये इंग्लंडशी बिनतारी दूरध्वनीही जोडला गेला.

पुढे ही यंत्रणा समुद्री तारांच्या कंपनीबरोबर एक झाली, १९४७ मध्ये सरकारच्या ताब्यात आली आणि तिची ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झाली. याच खात्याचे उपग्रह केंद्र १९७१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावजवळ आर्वी येथे उभे राहिले. म्हणजे दूरचा आवाज ऐकण्याचे काम आपल्या पुणे जिल्ह्याने बराच काळ केले आहे.

पण माझ्या मनात वेगळाच प्रश्न आला. एका सेवेला दोन केंद्रे कशाला? तीही एकमेकांपासून सुमारे ८० किलोमीटरवर? इंग्लंडातही तसेच होते. भारतासाठीचे प्रक्षेपण ग्रिम्स्बीजवळून होई आणि ग्रहण स्केग्नेसजवळ. उत्तर साधे आहे. खडकीला प्रक्षेपण होई, म्हणजे बोलणे. दौंडला ग्रहण होई, म्हणजे ऐकणे. हजारो मैलांवरून आलेला संदेश अतिशय क्षीण असतो. शेजारीच बलाढ्य प्रक्षेपक गर्जत असेल तर तो कानी पडणार कसा? लग्नाच्या मांडवात ताशाजवळ उभे राहून कोणाचे कुजबुजणे ऐकता येत नाही. म्हणून बोलणारा खडकीला आणि ऐकणारा दौंडला. शिवाय संदेश पाठवणारे व घेणारे कर्मचारी मुंबईच्या कचेरीत असत आणि ती कचेरी दोन्ही केंद्रांशी जमिनीवरच्या तारांनी जोडलेली असे. म्हणजे बिनतारीच्या पाठीशीही तार होतीच.

ही ओळ मी वहीत लिहून घेतली. तिचा उपयोग गोठ्यात होईल असे तेव्हा वाटले नव्हते.

४. लहरी कुठे अडतात?

राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो. एक २.४ गिगाहर्ट्झची. तिची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्ध्या वितीएवढी. दुसरी ५ गिगाहर्ट्झची, सहा सेंटिमीटरची. लहान लहर जास्त माहिती वाहते पण भिंतीत लवकर दमते. मोठी लहर कमी वाहते पण लांब जाते.

मी मोबाइलवर गती मोजत घरभर फिरले. ओसरीवर राउटरजवळ सेकंदाला ४० मेगाबिट. माजघरात १८. आजीच्या खोलीत ६, आणि दार लावले की ४. गोठ्यात शून्य. कारणे शोधली ती अशी :

(अ) जाड भिंत. वीट किंवा दगड-माती लहरींचा बराच भाग शोषून घेते. भिंत ओली असेल तर अधिकच.

(आ) पाणी. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्याच लहरींनी मायक्रोवेव्ह भट्टीत अन्न तापते, कारण पाणी त्या शोषते. आमच्या घर आणि गोठा यांच्या बरोबर मध्ये हजार लिटरची पाण्याची टाकी उभी आहे.

(इ) पत्रा. पत्रा लहर शोषत नाही, परत फेकतो. चारी बाजूंनी पत्रा असलेला गोठा म्हणजे लहरींना बंद पेटीच.

यावरून राउटर कोठे ठेवू नये तेही कळते. आमचा राउटर लोखंडी कपाटावर होता. तो तेथून काढून माजघराच्या दारावर, सहा फूट उंचीवर, मोकळा लावला. एवढ्यानेच आजीच्या खोलीतली गती ६ वरून ११ झाली. पैसा एकही लागला नाही.

५. माझी चूक

गोठ्यासाठी मी बाजारातून पुनःप्रक्षेपक, म्हणजे रिपीटर, आणला. दुकानदाराने सांगितले, "जिथं रेंज नाही तिथं लावा." मी तो गोठ्याच्या दारात लावला. दिवा हिरवा लागला, मोबाइलवर रेघाही पूर्ण दिसल्या, पण चित्र दर दहा सेकंदांनी गोठायचे. दोन आठवडे मी मोबाइलला दोष दिला, मग राउटरला, मग नशिबाला. नऊशे रुपये आप्पांनी दुधाच्या पगारातून दिले होते. ते काही बोलले नाहीत, त्याचेच जास्त वाईट वाटले.

एके दिवशी वही चाळताना दौंडची ओळ पुढे आली. रिपीटर हा एकाच जागी बसून ऐकतो आणि बोलतो. साध्या रिपीटरला एकच बिनतारी यंत्र असते. ते ऐकत असताना बोलू शकत नाही आणि बोलत असताना ऐकू शकत नाही. प्रत्येक निरोप एकदा घ्यायचा आणि पुन्हा सोडायचा, म्हणून गती निम्मी होते. त्यात मी त्याला बसवले होते अशा ठिकाणी, जेथे त्याला स्वतःलाच ऐकू येत नव्हते! मोबाइलवरच्या पूर्ण रेघा रिपीटर किती मोठ्याने बोलतो एवढेच दाखवत होत्या. त्याला किती ऐकू येते हे त्या दाखवत नव्हत्या. रिपीटर लावायचाच तर जेथे आवाज अजून स्वच्छ येतो अशा मधल्या जागी लावावा. आमच्याकडे मधल्या जागी टाकी होती.

तात्पर्य, मोठ्याने बोलण्याची सोय करण्याआधी नीट ऐकण्याची सोय करावी.

६. उपाय : बिनतारीच्या पाठीशी तार

मुंबईची कचेरी केंद्रांशी तारांनी जोडली होती, तसेच मी केले. घरापासून गोठ्यापर्यंत नेटवर्कची तार टाकली आणि गोठ्यात मामांकडचा जुना राउटर बसवला. रिपीटर काढून टाकला. ज्यांना असे करायचे असेल त्यांच्यासाठी क्रम देते.

तार बाहेरच्या वापराची, आत शुद्ध तांबे असलेली घ्यावी. अशी तार १०० मीटरपर्यंत चालते. आमची ४५ मीटर लागली. विहिरीच्या मोटारीसाठी आणलेल्या पाइपाचे तुकडे उरले होते, त्यांतून ती ओवून दीड फूट खोल पुरली, म्हणजे उंदीर आणि नांगर दोन्हींपासून सुटका. विजेच्या तारेच्या पाइपातून ती नेऊ नये. वळवाचा पाऊस आला, विजा कडाडू लागल्या, की तारेची दोन्ही टोके काढून ठेवावीत.

जुन्या राउटरमध्ये तीन बदल करावे लागतात. पहिल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यावा. दोघांचा पत्ता एकच राहिला तर एका गावात एकाच नावाची दोन माणसे झाल्यासारखे होते आणि टपाल चुकते. दुसरे, उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम, ज्याला डीएचसीपी म्हणतात, ते यावर बंद करावे. एका घरात वाटप करणारा एकच हवा. तिसरे, तार 'वॅन' लिहिलेल्या भोकात न घालता 'लॅन' लिहिलेल्या भोकात घालावी. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न मिसळणारे मार्ग तीनच मानतात : १, ६ आणि ११. घरच्या राउटरला १ आणि गोठ्यातल्याला ११ दिला. नाव आणि संकेतशब्द दोन्हींकडे एकच ठेवला, म्हणजे मोबाइल घेऊन चालत गेले तरी तो आपोआप जवळचा राउटर धरतो.

कॅमेरा म्हणून काच तडकलेला एक जुना मोबाइल वापरला. 'आयपी वेबकॅम' नावाचे ॲप त्यात घातले. ते एक पत्ता देते, तो घरजाळ्यातल्या दुसऱ्या मोबाइलवर 'व्हीएलसी' मध्ये उघडला की चित्र दिसते. उजेडाला झिरोचा दिवा पुरतो. एक सावधगिरी मात्र हवी. सतत चार्जिंगला लावलेल्या जुन्या मोबाइलची बॅटरी तापते व फुगते. म्हणून तो कडब्यापासून दूर, उघड्या फळीवर ठेवावा आणि चार्जर टायमरवर लावावा. वीज गेली तर राउटरसाठी मिळणारी लहान १२ व्होल्टची बॅटरी दोन्हींकडे लावली आहे, ती तीन-चार तास काढते.

चित्राला सुमारे दोन सेकंदांचा उशीर होतो. गाय हंबरते ते आधी खिडकीतून ऐकू येते आणि मग मोबाइलमध्ये तिचे तोंड उघडते. पहिल्यांदा आम्हाला हसू आले. याचे कारण असे की चित्राचे तुकडे कमी-जास्त वेळाने पोहोचतात. ते क्रमाने लावण्यासाठी मोबाइल थोडा साठा करून मगच दाखवतो. साठा कमी केला तर उशीर कमी होतो, पण चित्र तुटते. म्हणून मी घरात सर्वांना सांगून ठेवले आहे की मोबाइलमधला गोठा हा दोन सेकंदांपूर्वीचा गोठा आहे. अंगण मोकळे दिसले म्हणजे आता मोकळे आहेच असे धरू नये. कॅमेरा बिबट्या अडवत नाही. गोठ्याला जाळी आणि दार लागतेच, आणि बिबट्या दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे लागतेच.

७. आवाज

आजीच्या खोलीसाठी प्रथम ब्लूटूथचा भोंगा आणला होता. ब्लूटूथ दहा मीटरपर्यंत चालते असे म्हणतात, पण ते मोकळ्या जागेत. आमची एकच भिंत मध्ये आली आणि आवाज तुटू लागला. म्हणून खोलीत एक साधा मोबाइल ठेवला, तो वायफायवर घेतला आणि भोंग्याला साध्या तारेने जोडला. मामांच्या जुन्या लॅपटॉपवर 'जेलीफिन' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घातला. लॅपटॉपमधले गाणे-भजन घरातला कोणताही मोबाइल त्यामुळे वाजवू शकतो.

लॅपटॉपमध्ये काय घालायचे? आमच्या ट्रंकेत भजनी मंडळाच्या अकरा कॅसेटी होत्या. त्यांत माझे आजोबा पखवाज वाजवतात. टेपरेकॉर्डरच्या कानाच्या भोकातून तार काढून लॅपटॉपला जोडली आणि 'ऑडॅसिटी' मध्ये ध्वनिमुद्रण केले. यात घाई चालत नाही. तासाच्या कॅसेटला तासच लागतो. दोन कॅसेटींना बुरशी लागली होती, त्या गेल्या. नऊ वाचल्या. त्याच ट्रंकेत आजोबांच्या रेडिओच्या परवान्याचे पुस्तकही सापडले. त्या काळी घरात रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढून दर वर्षी फी भरावी लागे. आज आपण घरात प्रक्षेपण करतो आणि परवाना लागत नाही, कारण २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत सरकारने २००५ मध्ये खुला केला.

पहिल्या दिवशी ओसरीवर आणि खोलीत दोन्हीकडे भजन लावले तर खोलीतला टाळ अर्ध्या सेकंदाने मागे. तो चित्रासारखाच साठ्याचा उशीर. आता एका वेळी एकाच ठिकाणी लावतो. आजीने पहिली कॅसेट डोळे मिटून ऐकली. मी विचारले, "बरं ऐकू येतं का?" ती म्हणाली, "येतंय की. पण माझं कुणाला ऐकू जातंय?"

मी गप्प झाले. दौंडचे केंद्र मी तिच्या खोलीत उभारले होते, खडकीचे उभारलेच नव्हते.

८. परतीची वाट

दुसऱ्याच दिवशी खोलीतल्या त्या मोबाइलचा ध्वनिग्राहक चालू करून त्याचा आवाज स्वयंपाकघरात आणि आप्पांच्या उशाशी जाईल असे केले. यावर काकूने हरकत घेतली, आणि ती योग्य होती. ती म्हणाली, "म्हणजे आम्ही त्यांच्या खोलीत बसून काय बोलतो ते सगळ्या घराला ऐकू जाणार?" तेव्हा ठरले की आजीने बटण दाबले तरच आवाज जाईल. कॅमेऱ्याचे तोंड फक्त दावणीकडे राहील, अंगणाकडे किंवा न्हाणीकडे वळणार नाही. राउटरबरोबर आलेला संकेतशब्द बदलला, आणि ॲपलाही वेगळा संकेतशब्द दिला, कारण तो नसेल तर जाळ्यात आलेला कोणीही पाहुणा गोठा पाहू शकतो. घरात बिनतारी करणाऱ्याने तारेआधी घरातल्या बायकांना विचारावे, असे मी अनुभवाने सांगते.

मग एक गोष्ट घडली, ती मी योजली नव्हती. आजीला रात्री झोप लागत नाही. ती म्हणाली, "तो गोठा हितं लाव की, माझ्यापुढं." मोबाइल तिच्या उशाशी उभा केला. काळी गाय तेव्हा दिवस भरलेली होती. आम्ही सगळे चित्रात गाय उभी आहे की बसली एवढेच पाहत होतो. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास उशाशी आवाज आला, "ऊठ रं. शेपटी उचलून धरलीय तिनं, मघापासनं तीनदा उठली बसली. आता येळ न्हाई." आप्पा आणि मी दोघे मिळून, दोन दिवे घेऊन गेलो. वासराचा एक पाय आत दुमडलेला होता. आप्पांनी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे तो सोडवला आणि पहाटे कालवड झाली. मोबाइलमधून सारे आजी पाहत होती आणि बटण दाबून दाबून सूचना देत होती. त्या आम्हाला दोन सेकंद उशिरा मिळत होत्या, त्यामुळे निम्म्या सूचना आधीच पाळून झालेल्या असत. तरी आप्पा प्रत्येक सूचनेला "व्हय आई" म्हणत होते.

आता रात्रीचा गोठा आजीकडे आहे. ती दिवसा झोपते. आप्पा रात्रीतून एकदाच जातात, तेही तिने सांगितले तर. आईचे दारात उभे राहणे मात्र अजून सुटलेले नाही.

९. समारोप

या सर्वाला एकूण खर्च आला चार हजार दोनशे रुपये. त्यात फुकट गेलेले रिपीटरचे नऊशे धरले आहेत. त्यातून मी जे शिकले ते थोडक्यात असे : घरातले घरात फिरवावे, लहर कोठे अडते ते आधी चालत जाऊन पाहावे, जेथे ऐकू येत नाही तेथे बोलणारे यंत्र लावू नये, बिनतारीच्या पाठीशी तार टाकायला कमीपणा मानू नये, आणि ज्याच्यापर्यंत आवाज नेला, त्याचा आवाज परत येण्याची वाटही करावी.

१९२७ च्या खडकी-दौंडमधून राज्यकर्त्यांचे आणि व्यापाऱ्यांचे निरोप जात. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या माणसांना त्यातले काही बोलायचे नव्हते आणि काही ऐकायचेही नव्हते. आज तेच शास्त्र जुन्या मोबाइलमध्ये आणि नऊशे रुपयांच्या पेटीत येऊन आपल्या गोठ्याशी थांबले आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी ते आपले नव्हे म्हणून सोडून देऊ नये, एवढीच विनंती. माझ्या लेखात तांत्रिक चूक आढळल्यास विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींनी ती जरूर दाखवावी. मी ऐकून घेईन.